जिभेखालची घडी

हे बाळ ८ दिवसांचे आहे. ते आईच्या अंगावर पिते आहे, पण त्याची पकड वारंवार सुटते, मध्येच टक् असा आवाज येतो आणि थोडे दूध ओठांच्या कडेने ओघळते. पाजून झाल्यावर आईचे स्तनाग्र गोल राहिलेले नाही. ते तिरके चेपले गेले आहे आणि त्याच्या टोकाशी पांढरी रेघ उमटली आहे. बाळाची जीभ चिकटलेली असेल का, म्हणजे जिभेखालच्या घडीमुळे तिची हालचाल अडत असेल का, ही शंका बहुधा अशाच वेळी पहिल्यांदा बोलून दाखवली जाते.

बाळाची जीभ बोटाने अलगद उचलली की तिच्याखाली मधोमध एक पातळ घडी ताणली जाते. ही घडी आपल्या सर्वांनाच असते. तिला पूर्वी स्वतंत्र दोरीसारखे मानले जाई. मात्र २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शवविच्छेदनाच्या अभ्यासांतून असे दिसले, की तोंडाच्या तळाशी पसरलेले पातळ आवरणच जीभ उचलताना उभे राहते आणि आपल्याला घडीसारखे दिसते. जिभेला संवेदना पुरवणाऱ्या मज्जातंतूच्या शाखाही तिच्या अगदी जवळून जातात. तेव्हा घडी दिसते, एवढ्यावरून काहीच ठरत नाही; ती जिभेची हालचाल अडवते का, आणि त्या अडथळ्यामुळेच दूध पिण्यात अडचण येते का, हे पाहावे लागते.

दूध ओढताना जिभेचे काम काय असते, हे सोनोग्राफीत स्पष्ट दिसते. बाळाची जीभ खाली जाते, तोंडातली पोकळी वाढते, तिथे हवेचा दाब कमी होतो आणि दूध आत येते. जीभ नीट हलली नाही तर बाळ हिरड्यांनी चावल्यासारखे करते, आईला वेदना होतात, आणि पुष्कळ वेळ पाजूनही बाळाचे पोट भरत नाही.

तपासणीसाठी ब्रिटनमधल्या ब्रिस्टल येथे तयार झालेली एक सोपी गुणपद्धती आहे. जिभेच्या टोकाचा आकार, घडी खाली कुठे जोडली आहे, रडताना जीभ किती उचलली जाते आणि किती बाहेर येते, या ४ बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. एकूण ८ पैकी ३ किंवा त्याहून कमी गुण हे जिभेच्या हालचालीवर मोठी मर्यादा असल्याचे लक्षण मानले जाते. पण गुणांचा कागद हाती आला म्हणून निदान झाले, असे समजणे घाईचे ठरेल. संपूर्ण स्तनपान डोळ्यांनी पाहिल्याखेरीज दिलेला निर्णय अर्धवटच असतो. चुकीची बसण्याची पद्धत, दूध साचून कडक झालेले स्तन, वेळेआधी जन्मलेले बाळ, एका बाजूला आखडलेली मान, लहान हनुवटी किंवा टाळूतली फट यांमुळेही हीच लक्षणे दिसू शकतात. म्हणून बाळाचे वजन तपासून, आधी पकड सुधारण्यासाठी जाणकार व्यक्तीची मदत दिली जाते, आणि आई-बाळाच्या अनेक जोड्यांचा प्रश्न तिथेच सुटतो.

एवढे करूनही वेदना थांबल्या नाहीत आणि अडथळा स्पष्ट असेल, तर घडी कापण्याचा विचार होतो. या उपचाराचा पुरावा मात्र मर्यादित आहे. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ५ चाचण्या आणि ३०२ बाळे होती. आईच्या वेदना काही काळ कमी झाल्या, पण स्तनपानात सातत्याने सुधारणा दिसली नाही. ब्रिटनमधल्या पुढच्या एका चाचणीत ३ महिन्यांनंतर घडी कापण्याच्या आणि न कापण्याच्या अशा दोन्ही गटांत स्तनपानाचे प्रमाण जवळपास सारखेच राहिले. परंतु ती ठरल्यापेक्षा फार कमी बाळांवर आटोपली आणि ‘न कापण्याच्या’ गटातल्या बहुतेक बाळांचीही घडी पुढे कापली गेली, त्यामुळे तिच्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही.

कापण्यापूर्वी बाळाला रक्त गोठण्यासाठी लागणारे ‘के’ जीवनसत्त्व दिले आहे का आणि घराण्यात रक्त न गोठण्याचा आजार आहे का, हे विचारले जाते. बाळाला कापडात गुंडाळून डोके स्थिर धरतात, जीभ वर उचलतात आणि बोथट टोकाच्या निर्जंतुक कात्रीने घडीचा पातळ भाग कापतात. हे काही सेकंदांत आटोपते. थोडे रक्त येते, गॉझने दाबले की थांबते आणि बाळाला लगेच छातीशी घेतले जाते. तरीही अधिक रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लाळेच्या नलिकांना इजा आणि घडी पुन्हा चिकटणे हे धोके थोडे का होईना, असतातच, आणि पालकांना ते आधी सांगितले पाहिजेत. कात्रीपेक्षा लेझर सरस असल्याचे सिद्ध झालेले नाही. वरच्या ओठाची किंवा गालाची घडी स्तनपानासाठी कापावी, याला तर आधारच नाही.

जखमेच्या जागी पुढे पांढरा-पिवळसर चट्टा दिसतो. तो पू नसतो आणि १ ते २ आठवड्यांत नाहीसा होतो. काही बाळे त्याच दिवशी नीट पिऊ लागतात, तर काहींना जिभेची नवी हालचाल जमायला वेळ लागतो. दरम्यान आईचे दूध आटू नये म्हणून ते पिळून काढणे चालू ठेवले जाते आणि बाळाचे वजन नियमित पाहिले जाते.