बापाचा नंबर ३१

(दृश्य: मेलबर्न क्रिकेट ग्राउंडबाहेरचा एक ब्राँझचा पुतळा)

हे मैदान आपल्या ओळखीचं आहे. ॲडलेडला ३६ धावांत गारद झालेला भारतीय संघ डिसेंबर २०२० मध्ये इथेच सावरला, अजिंक्य रहाणेच्या ११२ धावांनी. पण उन्हाळा सरला की हे मैदान क्रिकेटचं राहत नाही. मग इथे ‘फुटी’, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, सुरू होते. दोन्हीकडे अठरा-अठरा खेळाडू, लंबगोल चेंडू, प्रत्येक टोकाला चार खांब. चेंडू लाथेने मधल्या दोन खांबांतून गेला तर ‘गोल’, म्हणजे सहा गुण, कडेच्या फटीतून गेला तर एक. मेलबर्न शहर या खेळासाठी जीव टाकतं.

बाहेर जो पुतळा उभा आहे, तो या खेळातल्या माणसाचा आहे. रॉन बॅरासी.

(दृश्य: जुनं कृष्णधवल छायाचित्र)

त्याचे वडीलही रॉनच. मेलबर्न क्लबचे खेळाडू, जर्सीचा नंबर ३१. १९४० साली मेलबर्नने विजेतेपद मिळवलं, त्या संघात ते होते. पुढच्या वर्षी जुलैत लिबियातल्या तोब्रुकला ते युद्धात मारले गेले. वय सत्तावीस. दुसऱ्या महायुद्धात फुटीच्या लीगने, म्हणजे क्लबांच्या स्पर्धेने, गमावलेल्या खेळाडूंपैकी ते एक. घरी रॉन पाच वर्षांचा होता.

वडिलांचे एक सोबती होते, नॉर्म स्मिथ. १९४० च्या त्या अंतिम सामन्यात सात गोल करणारे. पुढे तेच मेलबर्नचे प्रशिक्षक झाले. आईने पुन्हा लग्न केलं आणि ती टास्मानियाला गेली, तेव्हा रॉन स्मिथांच्या घरामागच्या छोट्या खोलीत राहायला आला. पितृछत्र हा शब्द आपण सहज वापरतो. या मुलाच्या बाबतीत ते छत्र खरोखरच छपराचं होतं.

खेळायचं तर बापाच्याच क्लबकडून, हे त्याचं ठरलेलं. अडचण नियमाची होती. तेव्हा खेळाडू ज्या भागात राहील, त्या भागाच्या क्लबकडे जायचा. मेलबर्न क्लबने जोर लावला आणि लीगने नवा नियम आणला: जुन्या खेळाडूचा मुलगा वडिलांच्या क्लबकडून खेळू शकेल. ‘फादर-सन रूल’ या नावाने तो नियम आजही आहे. १९५३ साली सतरा वर्षांचा रॉन मैदानात उतरला. पाठीवर ३१.

(दृश्य: पन्नाशीच्या दशकातले सामने, चिखल, उसळणारा चेंडू)

सुरुवात बेताचीच झाली. खेळात एक जागा उंच ‘रक’ची, जो उडालेला चेंडू हवेत झेपावून खाली ढकलतो. दुसरी ‘रोव्हर’ची, जो चपळ असतो आणि पडलेला चेंडू उचलून पळतो. रॉन पहिल्या जागेसाठी बुटका आणि दुसरीसाठी दणकट. स्मिथांनी त्याला दोन्हींच्या मध्ये ठेवला: रकसोबत भिडायचं आणि रोव्हरसारखं पळायचंही. ‘रक-रोव्हर’ ही जागा त्याच्यामुळे रुजली. चौकटीत न बसणाऱ्या पोरासाठी चौकटच बदलणारा गुरू मिळायला नशीब लागतं.

मग विजेतेपदांची रांग लागली. १९५५, ५६, ५७, ५९, ६० आणि ६४. शेवटची दोन त्याच्या कर्णधारपदाखाली.

आणि १९६४ च्या अखेरीस रॉन बॅरासी मेलबर्न सोडून गेला. कार्लटन क्लबने त्याला कर्णधार आणि प्रशिक्षक अशी दोन्ही पदं देऊ केली होती. शहराला धक्का बसला. ज्याच्यासाठी नियम बदलला, तोच गेला? माझ्या मते ही फारकत नव्हती. ज्या माणसाने स्मिथांना इतक्या जवळून पाहिलं, त्याला कधी ना कधी स्वतःचा संघ घडवायचाच होता, आणि स्मिथांच्या सावलीत ते जमणार नव्हतं. पण दुखलं ते दुखलंच. पुढच्या वर्षी मेलबर्नने स्मिथांनाही काढलं आणि आठवड्याभरात परत घेतलं. त्या क्लबची घडी मात्र विस्कटली ती विस्कटलीच.

(दृश्य: १९७० चा अंतिम सामना, गच्च भरलेलं मैदान)

कार्लटनला १९४७ नंतर विजेतेपद नव्हतं. १९६८ मध्ये बॅरासींनी ते मिळवून दिलं, अवघ्या तीन गुणांनी. पण लोक विसरत नाहीत ते १९७०.

मैदानात १,२१,६९६ प्रेक्षक. समोर कॉलिंगवुड क्लब. मध्यंतराला कार्लटन ४४ गुणांनी मागे. बॅरासी रागीट म्हणून प्रसिद्ध होते, त्यांच्या आरडाओरड्याने भिंती हादरत असं म्हणतात. पण त्या दिवशी त्यांनी संघाला जे सांगितलं, ते डोकं शांत ठेवून सांगण्याचं होतं: थांबू नका, चेंडू हाताने द्या. एका हातावर चेंडू धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून सोबत्याकडे पाठवायचा, याला ‘हँडबॉल’ म्हणतात. तेव्हा तो अडचणीतून सुटण्याचा उपाय समजला जाई. बॅरासींनी त्यालाच हल्ल्याचं हत्यार केलं. बाकावरून टेड हॉपकिन्सला आत पाठवलं, त्याने चार गोल मारले. कार्लटन दहा गुणांनी जिंकलं. आजच्या वेगवान फुटीचं मूळ अनेक जण त्या दुपारीत शोधतात.

पुढे नॉर्थ मेलबर्न. १९७२ मध्ये सगळ्यांत शेवटी राहिलेला, १९२५ पासून लीगमध्ये असूनही एकदाही न जिंकलेला क्लब. १९७५ मध्ये बॅरासींनी त्यांना पहिलं विजेतेपद दिलं. १९७७ चा अंतिम सामना बरोबरीत सुटला, पुढच्या शनिवारी पुन्हा खेळवला आणि नॉर्थने तो जिंकला.

१९८१ मध्ये ते घरी परतले, मेलबर्नचे प्रशिक्षक म्हणून. पाच वर्षांत विजेतेपद तर सोडाच, संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचला नाही. आकडेवारीत ही वर्षं कोरी दिसतात. मला मात्र तीच सगळ्यांत मोलाची वाटतात. कारण या काळात क्लबने आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल खेळणाऱ्या पोरांचा शोध घेतला आणि डब्लिनहून अठरा वर्षांचा जिम स्टाइन्स आला. तो फुटी कधी खेळलेला नव्हता. १९९१ मध्ये त्याच पोराने ब्राउनलो पदक, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. सलग २४४ सामने तो खेळला. पुढे क्लबचा अध्यक्ष झाला. घरापासून दूर आलेल्या मुलाला क्लबने आपलं मानायचं असतं, हे बॅरासींइतकं कोणाला ठाऊक असणार?

(दृश्य: ऑस्ट्रेलियाचा नकाशा, त्यावर तिरकी रेघ)

इयन टर्नर नावाच्या इतिहासकाराने १९७८ मध्ये एका व्याख्यानात देशाच्या नकाशावर एक काल्पनिक रेघ ओढली. एका बाजूला फुटीचा मुलूख, दुसऱ्या बाजूला रग्बीचा. नाव दिलं ‘बॅरासी लाइन’. पंधरा वर्षांनी, १९९३ मध्ये, सत्तावन्न वर्षांचे बॅरासी ती रेघ ओलांडून रग्बीवेड्या सिडनीत गेले. तिथला फुटी क्लब सिडनी स्वान्स. ते हरत होते, सलग २६ सामने हरले. ती मालिका तुटली, तेव्हा समोर होता मेलबर्न. १९९५ ला बॅरासी थांबले, पुढच्याच वर्षी स्वान्स अंतिम सामन्यात पोहोचले.

मेलबर्नला मात्र १९६४ नंतरचं विजेतेपद २०२१ मध्ये मिळालं. सत्तावन्न वर्षांनी. ते पाहायला बॅरासी हयात होते.

(दृश्य: रात्रीचं मैदान, दिव्यांचा झगमगाट)

१५ सप्टेंबर २०२३, शुक्रवारची रात्र. हेच मैदान. उपांत्य फेरीच्या बाद सामन्यात समोरासमोर मेलबर्न आणि कार्लटन. ज्या क्लबने त्यांना वाढवलं तो, आणि ज्याच्यासाठी त्यांनी घर सोडलं तो. कार्लटन दोन गुणांनी जिंकलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, रॉन बॅरासी गेले. वय सत्त्याऐंशी.