पंचमाशेजारची घरघर

[काळा पडदा. काही क्षण शांतता, मग बारीक घरघर.]

हेडफोन जवळ असतील तर आता कानाला लावा. गाणं सुरू नाहीये. व्हॉल्यूमचं बटण डावीकडे शेवटपर्यंत फिरवलेलं आहे. तरीही मागे काहीतरी वाजतंय... घुंऽऽ.

[टेबल. उघडा पत्र्याचा डबा, आत ट्रान्सफॉर्मर आणि व्हेरोबोर्ड.]

हा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर मी पुण्यात, घरच्या टेबलावर बनवला. सामान बुधवार पेठेतलं, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून आणलेलं. बारा-शून्य-बाराचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडचा ब्रिज, वीज साठवणारे २२०० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, व्होल्टेज स्थिर ठेवणारे ७८१२ आणि ७९१२ हे रेग्युलेटर, आणि मुख्य काम करणाऱ्या दोन आयसी, ५५३२.

पहिल्या रात्री मी त्यावर तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं, नुसता तंबोरा. पट्टी पांढरी एक, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा सा. आणि पहिली तार छेडली गेली तसा मी बेचैन झालो. पंचम हलत होता. सेकंदाला दोन हेलकावे, संथ, पण थांबायचं नाव नाही. हेच रेकॉर्डिंग मी वर्षानुवर्षं ऐकलं आहे, त्यातला तंबोरा चोख जुळलेला आहे. मग हलत होतं काय?

उत्तर साध्या वजाबाकीत निघालं. पांढरी एकच्या पट्टीत मंद्र पंचमाची तार ९८ हर्ट्झला बोलते. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. ब्रिज तिच्या दोन्ही बाजू सरळ करतो, त्यामुळे कपॅसिटरना सेकंदाला १०० धक्के बसतात. ९८ आणि १०० शेजारी वाजले की कानाला दोघांतला फरक ऐकू येतो: दोन. माझ्या डब्यातली घरघर पंचमाच्या शेजारी येऊन बसली होती, जराशी चढी. गाणाऱ्या माणसाला याहून वाईट शेजार नाही.

[तंबोऱ्याच्या तारेचं जवळचं दृश्य. घरघर वाढते, हेलकावे स्पष्ट होतात.]

आता शोध. मी आधी दोन चुकीच्या गोष्टी करून बसलो होतो: कपॅसिटर मोठे केले आणि वायर महाग आणली. घरघर तशीच राहिली. मग शांतपणे एकेक प्रश्न विचारायला घेतला.

व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी घरघर कमी होत नाही. म्हणजे ती गाण्याबरोबर येत नाही, व्हॉल्यूमच्या पुढे कुठेतरी शिरते. इनपुटला आतून शॉर्ट केलेला प्लग घातला, तरी तीच. म्हणजे बाहेरून काही येत नाही. मग ट्रान्सफॉर्मर सोडवला आणि नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडल्या. एकदम शांत! चू मॉय यांचा पेपरमिंटच्या डबीत मावणारा प्रसिद्ध अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीवर चालतो, त्यात ही कटकट मुळातच नाही. पण मला रोज बॅटऱ्या बदलायच्या नव्हत्या.

शेवटची चाचणी लॅपटॉपवर. चार्जर काढून, बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज घेतला आणि त्याचा आलेख पाहिला. चार्जर लावला असता तर अर्थिंगची आणखी एक वाट जोडली गेली असती आणि मोजणीच बिघडली असती. आलेखात १००, २००, ३०० हर्ट्झवर उभे काटे. चोर कपॅसिटरच्या आसपासच होता.

[बोर्डाची मागची बाजू. बोट एका काळ्या तारेवरून फिरतं.]

ही तार बघा. काळी, साधारण दहा सेंटीमीटर. दोन कपॅसिटरच्या ग्राउंडच्या, म्हणजे शून्य व्होल्ट मानलेल्या, पायांना जोडणारी. सर्किटच्या कागदावर ही तार म्हणजे फक्त एक रेघ असते, तिच्या दोन्ही टोकांना शून्य व्होल्ट. मीही तसंच धरून चाललो होतो. इनपुटचं ग्राउंड मी तिच्या एका टोकाला डाग देऊन जोडलं आणि हेडफोनच्या जॅकचं ग्राउंड दुसऱ्या टोकाला, कारण ते जवळ पडत होतं.

पण खऱ्या तांब्याला रोध असतो. एवढ्या बारीक तारेच्या दहा सेंटीमीटरला सुमारे पाच मिलिओहम. फार वाटत नाही. आता प्रवाह बघा. अ‍ॅम्प्लिफायर सरासरी साठ मिलिअँपिअर घेतो असं धरू. कपॅसिटर मात्र सावकाश भरत नाही. दर दहा मिलिसेकंदातले एकदीड मिलिसेकंदच तो ट्रान्सफॉर्मरकडून ओढतो, म्हणजे तेवढ्या वेळात चारपाचशे मिलिअँपिअरचा झटका. आणि हे झटके एका कपॅसिटरमधून दुसऱ्यात जाताना नेमके याच काळ्या तारेतून जातात. पाच मिलिओहम गुणिले चारशे मिलिअँपिअर: दोन मिलिव्होल्ट. तारेच्या दोन टोकांमधला हा फरक थेट हेडफोनला मिळतो.

३२ ओहमचा, एका मिलिवॅटला शंभर डेसिबल देणारा साधा हेडफोन घेतला, तर दोन मिलिव्होल्टला तो साठ डेसिबलच्या आसपास आवाज काढतो. समोर बसलेल्या माणसाच्या बोलण्याइतका! झटक्यांचा आवाज सलग नसतो, म्हणून प्रत्यक्षात कमी भरतो, पण १०० हर्ट्झ ऐकू यायला कानाला सत्तावीसेक डेसिबल पुरतात. ५० हर्ट्झला मात्र चव्वेचाळीस लागतात. म्हणून खालचा गुंजारव पुष्कळदा लपून जातो आणि ही घरघर लपत नाही.

दुरुस्तीला वेळ लागला नाही. प्लग काढला, कपॅसिटर रिकामे होऊ दिले. दोन्ही कपॅसिटर अगदी शेजारी आणले, त्यांचे ग्राउंडचे पाय जाड, आखूड तारेने जोडले आणि ट्रान्सफॉर्मरची मधली तारही तिथेच आणली. झटके आता तेवढ्या तुकड्यातच फिरतात. तिथून एकच तार बाहेर काढली, एका खिळ्यापर्यंत. इनपुट, व्हॉल्यूम, आयसी, हेडफोनचा जॅक, प्रत्येकाचं ग्राउंड आपापल्या स्वतंत्र तारेने त्या खिळ्यावर. याला स्टार ग्राउंड म्हणतात.

[डबा बंद होतो. शांतता.]

मग तो कॉम्प्युटरला जोडला, आणि पुन्हा आवाज आला. या वेळी जाडा, खालचा, ५० हर्ट्झचा.

हा वेगळा आजार. डब्याला तीन पिनी प्लगमधून अर्थिंग आहे, कॉम्प्युटरलाही आहे. मधल्या ऑडिओ केबलच्या बाहेरच्या धातूच्या जाळीने दोघांना आणखी एकदा जोडलं, आणि भिंतीतल्या अर्थिंगपासून टेबलापर्यंत एक मोठं कडं तयार झालं. त्या कड्यातून फिरणारा थोडासा प्रवाहही जाळीवर व्होल्टेज उभं करतो, आणि अ‍ॅम्प्लिफायर त्याला गाणं समजतो.

इथे मी थांबून एक गोष्ट सांगतो, आणि ती कळकळीने सांगतो. या आवाजावर पुष्कळ जण एक उपाय सुचवतात: प्लगची अर्थची पिन काढून टाका. आवाज खरोखर जातो. पण डब्याच्या आत २३० व्होल्ट आहेत, डबा पत्र्याचा आहे आणि हेडफोन तुमच्या डोक्यावर आहे. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन एके दिवशी फाटलं, तर फ्यूज उडायला ती पिनच हवी. ती काढू नका. कोणी काढलेली दिसली तर बसवून द्या.

मी डब्याचा पत्रा थेट अर्थला ठेवला. इनपुट आणि हेडफोनचे जॅक प्लास्टिकच्या कॉलरचे घेतले, कारण धातूची कॉलर पत्र्याला टेकली की सगळी मेहनत वाया. आणि स्टारच्या खिळ्यापासून पत्र्यापर्यंत सरळ तार न टाकता दहा ओहमचा रेझिस्टर लावला. त्याला समांतर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, आणि पस्तीस अँपिअरचा ब्रिज अशा जोडणीने, की दोन्ही दिशांना डायोड येतील. रोजच्या मिलिव्होल्टना दहा ओहमची अडचण होते. खरा बिघाड झालाच, तर डायोड वाट मोकळी करतात आणि प्रवाह अर्थला जातो.

उरलं ट्रान्सफॉर्मरचं चुंबकत्व. तो इनपुटपासून जितका लांब न्याल तितकं बरं, अंतर दुप्पट केलं की त्याचं क्षेत्र जवळपास आठव्या भागावर येतं. एसीच्या तारा एकमेकींना पीळ देऊन बांधल्या. आणि कानाला हेडफोन लावून, स्क्रू ढिले ठेवून, ट्रान्सफॉर्मर हळूहळू फिरवला, सुक्या लाकडी काठीने. एका कोनात गुंजारव विझला. तिथेच स्क्रू आवळले.

[रात्र. टेबलावर दिवा. तोच तंबोरा.]

पांढरी एक. पंचम. हेलकावा नाही. मग जोडाच्या दोन तारा, मग खर्ज. खर्जाची जवारी विरत जाते, आणि पुढच्या पंचमाच्या आधी, वर्षानुवर्षं ऐकलेल्या या रेकॉर्डिंगमध्ये मला पहिल्यांदाच ऐकू येतं, बोट तारेवर टेकल्याचा आवाज.

[फक्त तंबोरा. पडदा हळूहळू काळा.]