आठवी खुर्ची

2020 चे वर्ष सरत आले होते. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात हॉवर्ड काउंटीच्या शिक्षण मंडळापुढे ठराव आला: ऑनलाइन चाललेले वर्ग पुन्हा शाळेत भरवायचे का? मंडळाचे सदस्य आठ. चार मते बाजूने, चार विरोधात. मंजुरीला पाच लागतात, म्हणून ठराव पडला. विरोधातल्या चार मतांत एक मत शाळेत शिकणाऱ्या विद्यार्थी सदस्याचे होते.

दोन पालक न्यायालयात गेले. मतदाराचे वय 18 हवे, असे मेरीलँडची राज्यघटना सांगते; मग सहावी ते अकरावीच्या मुलांनी निवडलेला सदस्य मत कसा देतो? 2022 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्याची खुर्ची आणि तिचे मत दोन्ही कायम ठेवले. न्यायालयाच्या मते मंडळाची रचना ठरवण्याचा अधिकार विधिमंडळाचा आहे, आणि राज्यघटनेतल्या निवडणुकीच्या अटी या जागेला लागू होत नाहीत.

पण या मताला कुंपण आहे. हॉवर्डमध्ये अंदाजपत्रक, शाळांच्या हद्दी, अधीक्षकाची (काउंटीच्या शाळांच्या प्रमुखाची) नेमणूक आली, की विद्यार्थ्याला मत नाही. शेजारच्या माँटगोमेरी काउंटीत 2016 च्या कायद्याने अंदाजपत्रक आणि हद्दी दोन्हींवर मत मिळाले. कोणती मुले कोणत्या शाळेत जाणार, हे हद्दीच ठरवतात. तिथे मत नसेल, तर प्रतिनिधित्व अर्धेच राहते.

कॅलिफोर्नियात वेगळीच तऱ्हा. तिथे हायस्कूलच्या 500 विद्यार्थ्यांच्या किंवा हायस्कूलच्या पटाच्या 10 टक्के सह्या, यांपैकी जो आकडा कमी असेल, तेवढ्या जमवून अर्ज दिला, की त्या शाळा-जिल्ह्याच्या शिक्षण मंडळाला विद्यार्थी सदस्य घ्यावाच लागतो. मात्र त्याचे मत मोजत नाहीत. प्रत्यक्ष मतदानाच्या आधी तो आपला कौल सांगतो, तो इतिवृत्तात उतरतो, बस्स. तरी क्रम महत्त्वाचा: मोठ्यांनी हात वर करण्याआधी मुलांचे म्हणणे नोंदलेले असते. बंद दाराआडच्या सभेत मात्र त्याला प्रवेश नाही.

खरी अडचण मुदतीची. विद्यार्थी सदस्याला मिळते एकच वर्ष, 1 जुलैपासून. तिथले आर्थिक वर्षही त्याच दिवशी सुरू होते, म्हणजे तो येतो तेव्हा त्या वर्षाचे अंदाजपत्रक आधीच मंजूर झालेले असते. पुढचे त्याच्यासमोर येईल, पण तेच त्याचे पहिले आणि शेवटचे. म्हणून निवड एप्रिलमध्ये उरकावी, माँटगोमेरीत होते तशी. मे-जूनमध्ये नव्या सदस्याने जुन्याशेजारी बसून सभेची कागदपत्रे वाचायला शिकावे.