उद्यानात देशी झाडं लावताना

श्रोतेहो, नमस्कार. उद्यानात देशी झाडं लावायची ठरलं की पहिली धाव रोपवाटिकेकडे जाते. जरा थांबा. आधी जागेवर काय माजलंय ते बघा. घाणेरी असेल तर ती नुसती कोयत्यानं छाटू नका, बुंध्यातून दुप्पट जोमानं फुटते. तिचं मुख्य मूळ मातीखाली, फुटवे येतात त्या भागाच्याही खाली तोडायचं आणि झुडूप मुळं वर करून वाळू द्यायचं. हे फळं धरायच्या आत. पडलेलं बी पुढच्या पावसात उगवणारच, पण तेव्हा ओल्या मातीतून रोपटी हातानं सहज निघतात.

रोप शक्यतो लहान घ्या. उंच रोप उद्घाटनाच्या फोटोत शोभतं, पण रुजायला जास्त वेळ घेतं. पिशवी फाडून मुळं तपासा. गोल गोल गुंडाळली असतील तर बाहेरची कापून मोकळी करा, नाहीतर काही वर्षांनी तीच खोडाला फास लावतात.

सगळ्यात जास्त चुका खड्ड्यात होतात. खोली मातीच्या गड्ड्याएवढीच, रुंदी मात्र दुप्पट-तिप्पट. खोल खणून भुसभुशीत माती भरली की ती पावसात दबते, रोप खचतं आणि मातीत गाडली गेलेली साल कुजते. मुळं जिथून फुटतात तो खोडाचा फुगीर भाग जमिनीच्या पातळीवर दिसलाच पाहिजे. चिकण माती असेल तर कुदळीनं खड्ड्याच्या कडा खरवडा. गुळगुळीत राहिल्या तर मुळं बाहेर शिरत नाहीत.

वर पालापाचोळ्याचं 5 ते 8 सेंटिमीटर आच्छादन घाला, खोडापासून वीतभर लांब. खोडाभोवती ढीग केलात तर तिथं ओल धरते. पावसाळा सरला की रोज तांब्याभर पाणी नको, त्यानं मुळं वरवरच राहतात. त्यापेक्षा आठवड्याला 15 ते 20 लिटर सावकाश जिरवा, निदान दोन वर्षं.

आणि नुसती झाडं म्हणजे अधिवास नव्हे. खाली झुडपं, देशी गवत हवं. पाचोळा जाळू नका. वाळलेला ओंडका वाटेपासून दूर पडू द्या, त्यात किडे राहतात आणि त्यांच्यामागे पक्षी येतात.

गवत कापायच्या यंत्राची तार मात्र खोडाला लागू देऊ नका. साल सभोवार सोलली गेली तर झाड वाचत नाही. खोडाभोवतीचं गवत हातानंच उपटा, आणि आधाराची काठी वर्षभरात काढून घ्या.