सांगोल्याची १९२ मते

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी आपल्याशी आपल्या सोलापूर जिल्ह्यातील एका आमदाराविषयी बोलणार आहे. सांगोल्याचे गणपतराव देशमुख एकाच मतदारसंघातून अकरा वेळा महाराष्ट्राच्या विधानसभेवर निवडून गेले. अवघा तालुका त्यांना आबासाहेब म्हणत असे. अकरा विजयांविषयी पुष्कळ बोलले आणि लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु मला आज आपल्यापुढे दुसराच एक आकडा ठेवायचा आहे, तो म्हणजे १९२. सन १९९५ च्या निवडणुकीत आबासाहेबांचा पराभव झाला आणि तो १९२ मतांनी झाला. हा आकडा कृपया लक्षात असू द्यावा, कारण माझे आजचे बोलणे त्याच्याच भोवती फिरणार आहे.

आबासाहेबांचा जन्म मोहोळ तालुक्यातील पेनूरचा. वकिलीचे शिक्षण घेऊन त्यांनी सांगोला ही आपली कर्मभूमी केली, आणि केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी उभारलेल्या शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा खांद्यावर घेतला तो अखेरपर्यंत खाली ठेवला नाही. संयुक्त महाराष्ट्राची स्थापना झाल्यानंतरची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ साली झाली. त्या निवडणुकीत २६४ जागांपैकी २१५ जागा काँग्रेसने जिंकल्या होत्या आणि शेतकरी कामगार पक्षाला १५ जागा मिळाल्या होत्या. त्या पंधरांपैकी एक जागा सांगोल्याची होती. पुढे १९६७ साली ते पुन्हा निवडून आले, १९७२ साली पराभूत झाले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, आणि त्यानंतर १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० अशा सलग चार निवडणुका त्यांनी जिंकल्या. म्हणजे १९९५ साल उजाडले तेव्हा एकवीस वर्षे त्यांच्या आमदारकीत खंड पडलेला नव्हता.

या काळात ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते, १९७८ च्या पुलोद म्हणजे शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या मंत्रिमंडळात मंत्री होते, आणि पुढे १९९९ साली विलासराव देशमुख यांच्या मंत्रिमंडळातही त्यांनी काम केले. पण सांगोल्यातील मनुष्याला विचाराल तर तो मंत्रिपदापासून सुरुवात करणार नाही, तो पाण्यापासून सुरुवात करील. टेंभू आणि म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचे कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावे म्हणून स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी यांच्याबरोबर त्यांनी दीर्घ लढा दिला. त्यानंतर तो मनुष्य सूतगिरणीचे नाव घेईल, कारण ज्या तालुक्यात कापूस पिकत नाही तेथे शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि ती चालली. येथे मला एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. आबासाहेबांचे नाव निघाले की 'एस.टी.ने प्रवास करणारा आमदार' एवढेच सांगून लोक थांबतात. तो साधेपणा खराच होता, त्याविषयी मला आदर आहे. तथापि पन्नास वर्षांहून अधिक काळ ज्याने सभागृहात दुष्काळी भागाची बाजू मांडली त्याची ओळख एस.टी.च्या तिकिटावर संपावी, हे मला अन्यायाचे वाटते.

आता मी १९९५ कडे येतो.

माझे आजोळ सांगोला तालुक्यात, माण नदीकाठच्या एका लहान वाडीत आहे. त्या वर्षी मी सोलापुरात महाविद्यालयात शिकत होतो आणि मतमोजणीच्या दिवशी मामांच्या घरी गेलेलो होतो. मामा लाल बावट्याचे जुने कार्यकर्ते. मतदानाच्या दिवशी ते सकाळपासून केंद्रावर पक्षाचे प्रतिनिधी म्हणून बसलेले होते. मतदान तेव्हा कागदी मतपत्रिकेवर शिक्का मारून होत असे, आणि मोजणी म्हणजे मतपत्रिकांचे गठ्ठे उलगडणे, बाद मते बाजूला काढणे, पुन्हा गठ्ठे बांधणे असा दिवसभराचा आणि कधी कधी रात्रभराचा उद्योग असे. ओट्यावर रेडिओ ठेवलेला होता. राज्यभरातील निकाल येत होते, सत्तांतर होणार हे कळत होते, पण आम्हा सर्वांचे कान एकाच नावासाठी टवकारलेले होते. ती बातमी आम्हाला रेडिओवर मिळाली नाही. रात्री उशिराच्या एस.टी.ने तालुक्याच्या गावाहून परतलेला वाडीतील एक तरुण घरासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आबासाहेब पडलं. एकशे ब्याण्णव मतांनी." मामा काहीही बोलले नाहीत. त्यांनी रेडिओ बंद केला आणि ते तसेच आडवे झाले.

सकाळी मी उठलो तेव्हा मामा सोप्यात परात घेऊन बसलेले होते. शेजारी ज्वारीचे अर्धे भरलेले माप होते. मला वाटले ज्वारी निवडायला घेतली असावी. पण घरातील पुरुष सकाळी ज्वारी निवडत बसत नाही हे आपणही जाणता. मी जवळ जाऊन बसलो. मामा एकेक नाव उच्चारत होते आणि प्रत्येक नावाला मालदांडी ज्वारीचा एक दाणा परातीत ठेवत होते. वाडीतील ज्या ज्या माणसाचे मत पडले नव्हते, त्याच्या नावाचा तो दाणा होता.

पहिले दोन दाणे त्यांच्या धाकट्या भावाचे आणि भावजयीचे होते. ती दोघे ऊसतोडीला अकलूजकडे गेलेली होती. त्यांच्याच टोळीतील वाडीची आणखी आठ माणसे, त्यांचे आठ दाणे. मेंढ्या घेऊन बाहेर पडलेल्या तीन घरांतील सात माणसांचे सात दाणे. मुंबईला हमालीला गेलेले तिघे. एका म्हाताऱ्या आजीला बैलगाडीतून न्यायचे ठरले होते, पण ती बैलगाडी ऐन वेळी दुसऱ्याच कामाला गेली. तिचा एक दाणा. आणि एका घरातील नवरा-बायकोचे नाव यादीतच सापडले नव्हते, त्यांचे दोन. मामांनी परात माझ्यासमोर सरकवली आणि मोजायला सांगितले. मी मोजले. तेवीस दाणे होते.

श्रोतेहो, ते दाणे कोणाचे होते हे आपल्या ध्यानात आले असेल. पाऊस नाही म्हणून जे कोयता घेऊन गेले, चारा नाही म्हणून जे मेंढरांमागे गेले, काम नाही म्हणून जे मुंबईला गेले, त्यांचे ते दाणे होते. ज्या दुष्काळाशी आबासाहेब आयुष्यभर झगडले, त्याच दुष्काळाने त्यांचे मतदार मतदानाच्या दिवशी गावाबाहेर ठेवले होते. मामांना हे माझ्या आधी समजलेले होते. ते परातीकडे पाहत एवढेच म्हणाले, "आपलीच मान्सं. आपनच न्हाई आनली."

चुलीपाशी मामी भाकरी थापत होत्या. त्यांनी हात पुसले, बाहेर आल्या, मापातील एक दाणा उचलला आणि परातीत ठेवला. मामांनी वर पाहिले. मामींनी डाव्या हाताचे बोट त्यांच्यापुढे धरले. त्या बोटावर शाई नव्हती.

मतदानाच्या दिवशी मामींनी पहाटेपासून केंद्रावरच्या कार्यकर्त्यांसाठी भाकरी केल्या होत्या. दोन बुट्ट्या भाकरी, पिठले आणि ठेचा. मुलाकरवी डबे पाठवून, भांडी घासून, गुरांना पाणी पाजून त्या निघाल्या तेव्हा केंद्राचे दार बंद होण्याची वेळ टळून गेलेली होती. त्या अर्ध्या वाटेवरून परतल्या आणि ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही. कोणी विचारलेही नव्हते. मतदान होऊन इतके दिवस झाले तरी शाई नसलेले ते बोट घरातील एकाही माणसाच्या नजरेस पडले नव्हते, आणि वाडीतील प्रत्येक न पडलेले मत तोंडपाठ असलेल्या माझ्या मामांनी स्वतःच्या घरातील मत मोजलेले नव्हते.

"ह्यो माझा," मामी म्हणाल्या आणि पुन्हा चुलीपाशी जाऊन बसल्या.

दाणे आता चोवीस झाले. मी वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. चोवीस आठे एकशे ब्याण्णव. आमच्या वाडीसारख्या आठ वाड्यांतून एवढीच माणसे आली असती तर बरोबरी झाली असती, आणि वर एका माणसाने शिक्का मारला असता तर सांगोल्याचा निकाल वेगळा लागला असता. मामांनी तो कागद माझ्याकडून मागून घेतला आणि घडी घालून पाकिटात ठेवला.

या प्रसंगाला आता तीस वर्षे उलटून गेली आहेत, पण निवडणुकीचा विषय निघाला की मला आधी ती परात दिसते.

पुढचे लवकर सांगतो. पराभवानंतर आबासाहेब घरी बसले नाहीत. पाणी परिषदा आणि चळवळ चालूच राहिली. सन १९९९ ची निवडणूक आली तेव्हा मामांनी पंधरा दिवस आधीपासून वाडीची मतदारयादी उशाशी ठेवली होती. त्या वर्षी आमच्या वाडीतून पहिले मत मामींचे पडले, आणि डबे दुसऱ्या घरांनी केले. आबासाहेब निवडून आले. त्यानंतर २००४, २००९ आणि २०१४ अशा आणखी तीन निवडणुका त्यांनी जिंकल्या. १९६२ पासूनच्या या साऱ्या निवडणुका मोजल्या की अकरा हा आकडा पूर्ण होतो. सन २०१२ मध्ये त्यांच्या संसदीय कारकिर्दीला पन्नास वर्षे झाली तेव्हा विधिमंडळाने त्यांचा गौरव केला. सन २०१९ ची निवडणूक त्यांनी वयोमानामुळे लढवली नाही, आणि ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले.

२०१९ च्या त्या निवडणुकीत त्यांचे नातू अनिकेत देशमुख उभे होते. शहाजीबापू पाटील यांनी त्यांचा ७६८ मतांनी पराभव केला. १९९५ साली आबासाहेबांना पराभूत करणारेही शहाजीबापूच होते. २०१९ चा तो निकाल लागला त्या संध्याकाळी मामींचा मला दूरध्वनी आला. मामा तोवर राहिलेले नव्हते. मामी फार शिकलेल्या नाहीत, पण त्यांनी मला विचारले, "सातशे अडुसष्ट म्हंजी आपल्या किती पराती?" मी हिशोब केला. १९२ ची चौपट म्हणजे ७६८; आमच्या परातीसारख्या बत्तीस पराती. सन २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी ही जागा पुन्हा शेतकरी कामगार पक्षाकडे आणली.

माझे असे मत आहे की प्रत्येक ग्रामसभेत मतदारयादीचे मोठ्याने वाचन झाले पाहिजे, आणि ते निवडणूक जाहीर होण्याच्या पुष्कळ आधी झाले पाहिजे. नाव नसेल तर नमुना क्रमांक ६ भरावा लागतो, पत्ता बदललेला असेल किंवा नावात चूक असेल तर नमुना क्रमांक ८ भरावा लागतो. पुन्हा सांगतो: नवीन नावासाठी सहा, दुरुस्तीसाठी आठ. चौकशीसाठी १९५० हा दूरध्वनी क्रमांक आहे. ज्या आजीला बैलगाडी मिळाली नव्हती, तिच्यासारख्या पंच्याऐंशी वर्षांवरील मतदारांना आता घरूनच मत देण्याची सोय झालेली आहे, याचा मला मनापासून आनंद आहे.

परंतु परातीतील पहिल्या दहा दाण्यांची सोय अजून झालेली नाही. सैन्यातील जवान टपालाने मत देऊ शकतो, निवडणुकीच्या कामावर असलेला कर्मचारीही देऊ शकतो. ऊसतोडीला गेलेला मजूर देऊ शकत नाही. सन २०२४ चे मतदान २० नोव्हेंबरला झाले, म्हणजे ऐन गळीत हंगामाच्या तोंडावर. ज्याच्याकडे परतीच्या प्रवासाचे पैसे नाहीत आणि मुकादमाची उचल फेडायची आहे, त्याने फडातला कोयता ठेवून सांगोल्याला, जतला किंवा मंगळवेढ्याला यावे आणि शिक्क्याऐवजी आता बटण दाबून परत जावे, अशी आपण अपेक्षा करतो. त्याचे मत तो आहे तेथून घेता येईल असा मार्ग काढावा, ही मागणी आपल्या जिल्ह्यातील आमदारांनी सभागृहात मांडावी, अशी माझी त्यांना या माध्यमातून विनंती आहे.

नमस्कार.