लाल सदऱ्यातला लेखक

हे अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातलं पॅराडाइज व्हॅली. यलोस्टोन नदी या खोऱ्यातून वाहते, दोन्ही अंगांना डोंगर. इथल्या एका घरात ख्रिस्तोफर पाओलिनी शाळेत न जाता आईवडिलांच्या हाताखाली शिकला. पंधराव्या वर्षी शालेय शिक्षण संपवून त्याने कादंबरी लिहायला घेतली. मामाच्या शेतावर वाढलेला एक पोरगा, डोंगरात सापडलेला निळा दगड आणि त्या दगडातून बाहेर आलेलं ड्रॅगनचं पिल्लू. कादंबरीचं नाव 'एरागॉन'.

हस्तलिखित घरातच वाचलं गेलं, घरातच तपासलं गेलं. आईवडिलांचा छोटासा प्रकाशन व्यवसाय होता. त्या बळावर २००२ साली त्यांनी पुस्तक स्वतःच काढलं. मुखपृष्ठावरचा ड्रॅगनचा डोळा ख्रिस्तोफरने काढला, आतला नकाशाही त्याचाच. पुस्तक तर तयार झालं, पण घेणार कोण? पदरमोड करून पुस्तक काढलेल्या कुठल्याही मराठी लेखकाला या प्रश्नाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मग सगळं घर या कामाला लागलं. शाळा, ग्रंथालयं, पुस्तकांची दुकानं मिळून १३५ हून अधिक कार्यक्रम झाले. लाल सदरा, घोळदार काळी विजार, गुडघ्यापर्यंत नाड्या आवळलेले बूट आणि डोक्यावर काळी टोपी, असा मध्ययुगीन वेश करून हा कोवळा लेखक टेबलामागे उभा राहायचा. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाशी स्वतःहून बोलायचा. आठ-आठ तास असं उभं राहिल्यावर, दिवस फारच चांगला गेला तर चाळीसेक प्रती खपायच्या. घरखर्चाचा भार याच विक्रीवर होता. त्याच्या यशाची गोष्ट सांगताना लोक हा काळ दोन ओळींत उरकतात. आम्हाला मात्र इथेच थांबावंसं वाटतं. कारण कुमारांसाठी लिहिणारा लेखक रोज कुमारांच्या समोर उभा होता. कथेचा कुठला धागा सांगितला की समोरच्या मुलाचा हात पुस्तकाकडे जातो, हे त्याला तिथल्या तिथे दिसत होतं.

आणि या पुस्तकाचं नशीब पालटलं तेही एका मुलामुळेच. २००२ च्या उन्हाळ्यात कादंबरीकार कार्ल हायसन कुटुंबासह मोंटानात सुट्टीवर आले होते. त्यांच्या सावत्र मुलाने तिथे 'एरागॉन' वाचलं. त्याला ते इतकं आवडलं की हायसन यांनी आपल्या प्रकाशकांना, क्नॉफला, या पुस्तकाबद्दल कळवलं. ऑगस्ट २००३ मध्ये क्नॉफची आवृत्ती आली आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत जाऊन बसली. २०११ मध्ये गिनीज या जागतिक विक्रमांच्या पुस्तकानेही, भरघोस खपाच्या पुस्तकमालिकेचा सर्वांत तरुण लेखक म्हणून त्याची नोंद घेतली.

पण आमच्या मते सगळ्यांत मोलाची दाद २००६ सालची. त्या वर्षी 'एरागॉन'ला दोन पुरस्कार मिळाले, आणि दोन्ही मुलांच्या मतांवर ठरणारे. 'रिबेका कॉडिल' पुरस्कारासाठी इलिनॉयमधली चौथी ते आठवीची मुलं मत देतात. 'यंग रीडर्स चॉइस' तर १९४० पासून चालत आलेला, आणि त्यात मोंटानातल्या मुलांनाही मत असतं.

आपल्याकडे साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार देते. मराठी लेखकांचाही त्यात सन्मान झाला, याचा मनापासून आनंद आहे. मात्र निवड मोठी माणसं करतात. त्याच्या जोडीला मुलांचा कौल घेणारा एखादा पुरस्कार मराठीत हवाच. जूनमध्ये शाळा उघडली की दहा-बारा नव्या पुस्तकांची यादी वर्गात लावायची, त्यात स्वतः प्रकाशित केलेली पुस्तकंही घ्यायची. पुस्तकं तालुक्याच्या ग्रंथालयातून शाळाशाळांत फिरवायची, आणि जानेवारीत मुलांकडून चिठ्ठ्या घ्यायच्या. मतपेटीला बुटांचा रिकामा खोकासुद्धा चालेल.