फातिमाचं काम कोण करणार?

नमस्कार मंडळी.

सावित्रीबाईंच्या जयंतीला आपली मुलं नाटुकलं करणार आहेत. सावित्री व्हायला मुलींची रांग लागली, त्यांची शाळेतली सहकारी फातिमा शेख व्हायला एकही पुढे येईना. एक आई हळूच म्हणाली, "व्हिडिओ गावी जाईल हो, सासरचे काय म्हणतील?" माझी लेक शेजारीच होती. तिने विचारलं, "आई, त्या नावात वाईट काय आहे?"

आखातात आपण हे नाव रोज ऐकतो. बाळाचं अंगावरचं दूध सोडवणारी, असा त्याचा अर्थ. लेकरू तेवढं मोठं होणं हेच जेव्हा नवसाचं होतं, तेव्हाचं हे नाव. दृष्ट लागू नये म्हणून दगडू-धोंडू ठेवणाऱ्या आपल्याला त्यातला जीव कळायला हवा.

या नावाची सगळ्यांत प्रसिद्ध फातिमा म्हणजे मुहम्मद पैगंबरांची आणि त्यांच्या पत्नी खदीजांची लेक, हसन-हुसैनची आई. 909 साली उत्तर आफ्रिकेत उभी राहिलेली खिलाफत तिच्या नावावरून फातिमी म्हणवली गेली. त्यांनीच कैरो वसवलं, अल-अझहर मशीद बांधली. गौतमीपुत्र सातकर्णीचा अभिमान बाळगणाऱ्यांना हे परकं का वाटावं? आपल्या गोव्याच्या मंडळींकडे तर मेरीमाताच फातिमा सायबीण आहे.

आणि इथली फातिमा लग्नानंतरही बापाचंच नाव लावते, फातिमा बिन्त अमुक, म्हणजे अमुकची लेक फातिमा. माझ्या आजीचं नाव लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने बदललं. तिचं माहेरचं नाव सांगणारं आता घरात कोणी उरलेलं नाही.

आपली फातिमा तर पुण्याची. 10 ऑक्टोबर 1856 ला सावित्रीबाईंनी नायगावहून जोतिबांना पत्र लिहिलं. स्वतः आजारी, माहेरी आलेल्या. तरी काळजी फातिमेची: कामाचा भार तिच्यावर पडला असेल, पण ती कुरकुरायची नाही. सावित्रीबाईंना जिचा एवढा भरवसा, तिचं नाव घ्यायला आपण कचरतो? लेकीला मी काय उत्तर देऊ? रागावू नका, पण याचा विचार घरोघरी व्हायला हवा.

नाटुकलं होईल. कोणी ना कोणी उभी राहील, नाहीतर माझी लेक आहेच. मला घोर वेगळाच लागलाय. परवा ती फोनवर आजीला शाळेतल्या गमती सांगत होती. तिच्या बाकावरच्या मैत्रिणीचं नावही फातिमाच. नावापाशी आली, क्षणभर अडखळली आणि नुसतं "माझी एक मैत्रीण" म्हणून पुढे गेली. हे तिला आम्ही शिकवलेलं नाही. मग ती शिकली कुठे?